फिक्या पडलेल्या लाल पेशी

...नाही, ती बाटली टेबलावर नका ठेवू, खाली ठेवा, पायाशी — हं, तिथंच. या टेबलावर फक्त कामाच्या वस्तू असतात. आणि बसा, उभ्यानं काय बोलताय, डॉक्टर यायला वेळ आहे, वरच्या मजल्यावर कुणाशी तरी गोड बोलत बसले असतील, अर्धा दिवस त्यांचा तोच उद्योग. तोवर तुम्हाला माझ्याशीच बोलायचंय. म्हणजे ऐकायचंय. हे माहितीपत्रक दिलंत ना मला, ते बघितलं मी, कागद चांगला आहे, जाड आहे, कपाटाचा पाय हलतो त्याच्याखाली घालायला होईल. आणि ही कोण बाई यावर? पांढरा कोट, पांढरे दात, हातात काचेची नळी उजेडाकडे धरलीय आणि हसतेय. हिनं जन्मात कधी माणसाचा तुकडा हातात घेतलाय का? अहो, आमच्या कामात नळी उजेडाकडे धरून कुणी हसत नाही. इथं हसण्यासारखं काही येतच नाही. आतडं येतं, गर्भाशय येतं, कुणाच्या तरी छातीतली गाठ येते, बाटलीवर नाव, आणि बाहेर बाकावर ते नाव असलेल्या माणसाचा नवरा नाहीतर बायको बसलेली असते. छापा म्हणावं तो बाक तुमच्या कागदावर.

आणि हे काय — ‘फॉर्मलिनला निरोप द्या’. कुणाला सुचलं हे? तुम्हाला? नाही, तुमच्या चेहऱ्यावरून वाटत नाही. बरं, निरोप कुणाला देताय ते तरी ठाऊक आहे का? टाय लावून विकायला निघालात म्हणून विचारते. माणसाच्या अंगातून तुकडा काढला ना, की त्या क्षणापासून तो सडायला लागतो — बाहेरून काही लागायची गरजच नाही, त्याच्याच पेशी स्वतःला खायला लागतात. त्याला तिथल्या तिथं थांबवावं लागतं, जसा आहे तसा. ते काम फॉर्मलिनचं. आतली प्रथिनं एकमेकांना बांधून टाकतं, हलायचं म्हणून नाही. मग आम्ही तो तुकडा मेणात बसवायचा, कागदाहून पातळ काप काढायचा, काचेवर घ्यायचा, रंगवायचा, आणि मग आमचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगणार, कॅन्सर आहे की नाही. सगळं त्या पहिल्या पाण्यावर असतं हो. ते पाणी चुकलं की पुढं कितीही हुशार डोळा लावा, दिसतो तो नुसता चिखल. इतकी वर्षं सगळ्या जगाचे कॅन्सर ज्यानं दाखवले त्याला तुम्ही निरोप देणार, आणि त्याच्या जागी ही बाटली ठेवणार. बिनवासाची. वास नाही हा काय गुण झाला? वास नाही म्हणे, आणि त्याचंच कौतुक.

हो, बाधतं. बाधत नाही असं कोण म्हणतंय? डोळे चुरचुरतात, नाक गळतं, घसा धरतो, पुढं आणखी काय काय होतं ते लिहिलंयत तुम्ही लाल अक्षरांत, घाबरवायला. मी या खोलीत केस पांढरे केले. मला काय झालं? आणि आता ही आमची सून. तुम्हाला कळलंच असेल म्हणा, डॉक्टरांच्या पोटात काही राहत नाही. ती इथंच असते, माझ्या हाताखाली. आधी ती या लॅबमध्ये आली, मग आमच्या घरात — तिचं काम बघून मीच तिला मुलासाठी विचारलं, मुलाला विचारायचं मला नंतर सुचलं. इथं मला बाई म्हणते, घरी आई म्हणते, आणि दोन्हीकडे माझं ऐकते. तर तिला दमा झाला. फॉर्मलिनचा. छातीच्या डॉक्टरनं सांगून टाकलं, एक तर फॉर्मलिन सोड नाहीतर नोकरी सोड. झालं, घरात सगळ्यांची तोंडं उतरली. मुलगा मला समजावतो — आई, दुसरंही काहीतरी वापरता येतं म्हणे, तू अडवू नकोस. मुलगा सिमेंट विकतो. तो मला पेशींचं शास्त्र शिकवणार. आणि आमचे डॉक्टर, ज्यांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नाही, ते म्हणतात, बाई, शेवटचा शब्द तुमचा, आज दुपारी काय ते सांगून टाका. मी नाही म्हटलं की फॉर्मलिन राहणार आणि ती जाणार, कुठल्याशा ऑफिसात फोन घ्यायला. तिकडं होकार कळवायचाय तिला उद्या. तिचे हात बघितलेत तुम्ही? मेणाचा काप काढते तेव्हा सलग फीत निघते, एक सुरकुती नाही, तिच्या वयात मला जमत नव्हतं — हे तिला सांगू नका, उगाच डोक्यात जाईल. ते हात फोन उचलणार. शहाणे आहेत सगळे.

पण गंमत ऐका. दमा गेला. हो, गेला. आधी खोकून खोकून जिन्यात जाऊन बसायची. एकदा तर ओठ निळे पडले होते, मी पाठ चोळतेय, ती माझा हात घट्ट धरून बसलीय, आणि — ते जाऊ द्या. सांगायचं हे की आता महिना होत आला, एक खोकला नाही. खोली तीच, बाक तोच, कॅन तेच. बाटल्या भरायचं काम तिचंच, मी समोर बसून बघते ना. भरताना गुणगुणते हल्ली. मग कुठं गेला दमा? औषध तेच चालू आहे, हवा तीच आहे. मनाचे खेळ हो सगळे. कुणी तरी एकदा म्हणतं बाधतं, मग बाधायला लागतं. दुपारी डॉक्टरांना मी हेच ऐकवणार आहे, चांगलं ठणकावून, की पोरगी फॉर्मलिनमध्येच बरी झाली, तेव्हा फॉर्मलिनही राहील आणि तीही राहील, छातीच्या डॉक्टरला म्हणावं तू आपली छाती तपास. कुणाचं काही ऐकून घेणार नाही मी. मुलाचं तर नाहीच.

काय म्हणालात? तपासून बघायला काय हरकत आहे? अहो, तुमच्यासारखे मी ढिगानं बघितलेत. प्रत्येकाची बाटली जगात सगळ्यात चांगली. आणि तपासायचं कुणावर, तर बाहेरच्या त्या बाकावरच्या माणसांवर. आधीच आमच्या सर्जन लोकांनी कमी छळ मांडलाय का. एवढी मोठी पदवी, आणि अख्खं गर्भाशय अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून पाठवतात. आत जाताना मऊ असतं, जातं. फॉर्मलिननं कडक झालं की बाहेर येईल का? मग मी बसते ते उपसत. वर पाणी किती, तर बुडण्यापुरतं. बाहेरून शिजल्यासारखं टणक आणि मधोमध सडलेलं, असे आणलेत माझ्यासमोर. मी सांगायला गेले तर म्हणतात, बाई, तुमचा वासच फार पुढं येतो, तुम्ही मागून येता. मिजास बघा. पण खरं आहे ते, वासावरून मला सगळं कळतं. कुठल्या बरणीचं झाकण सैल आहे, कुठल्या कॅनमध्ये पाणी जास्त पडलंय, दारातून सांगते मी. इथली सगळी राखण या नाकावर चाललीय. तुम्हाला झोंबला असेलच, आत येताना तोंड केवढं वाकडं केलंत. नाही? माझ्याशी बोलावं लागणार म्हणून केलंत? बरं.

स्लाइडी? स्लाइडींचं काय विचारताय, उत्तम आहेत. हल्ली तर अशा निघतायत की बघत राहावं. पेशींची केंद्रकं कशी, रेखीव, कोरून काढल्यासारखी. मी डॉक्टरांना बोलावून दाखवलं, म्हटलं बघा, याला म्हणतात फॉर्मलिन. ते नुसते हसले आणि म्हणाले, तुम्ही म्हणताय म्हणजे चांगल्याच असणार. एकच खोट होती, लाल पेशी. रक्तातल्या लाल पेशी फिक्या. म्हणजे नुसती कड दिसायची, आत काही नाही, रिकामी बांगडी. मला लगेच कळलं, हे नळाच्या पाण्याचं काम. साध्या पाण्यात रक्ताच्या पेशी फुटतात, एवढं तर शाळेतही शिकवतात. म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर तुकडे नळाखाली धुऊन बाटलीत टाकतेय. हौस असते एकेकाला स्वच्छतेची. गेले तडक. सगळ्यांदेखत धुतलं तिला. ती म्हणते, नाही हो बाई, मी नळाला हातसुद्धा लावत नाही, मुलांची शपथ घेते. म्हटलं मुलांना मध्ये आणू नकोस, स्लाइड खोटं बोलत नाही. रडली. सर्जनही तिलाच बोलला मग, त्याला काय, कुणीतरी दुसरं सापडलं की झालं. आता मला बघितलं की जिन्यात वळून दुसऱ्या बाजूनं जाते. जाऊ दे. तरी फरक नाही, लाल पेशी अजून फिक्याच, म्हणजे चोरून धुतेच आहे. आणि तुकडेही हाताला जरा मऊ लागतात, रंग कसा ताजा ताजा, फॉर्मलिनमध्ये इतका राहत नाही, म्हणजे बाटलीत टाकायलाच उशीर करतात तिकडं. मी सुनावलं तेही. नुसता आंधळा कारभार, एकाला कामाची अक्कल नाही.

काय? परत सांगा. — तुमच्या द्रवात असं होतं? फिक्या होतात. लाल पेशी. नेहमीच होतात, निदानाला काही फरक पडत नाही, आणि केंद्रकं मात्र — हो, हो, केंद्रकं रेखीव, ऐकलं मी. तुकडा थोडा मऊ राहतो आणि रंग टिकतो. बरं मग? तुमच्या द्रवात होत असेल. तो तुमच्या द्रवाचा दोष झाला, मला कशाला सांगताय? आमच्याकडे फॉर्मलिन आहे. तुमच्या बाटलीचा आणि आमच्या लाल पेशींचा काय संबंध — असे का बघताय माझ्याकडे? आणि सारखे त्या कोपऱ्यात काय बघताय? कॅन आहेत ते. आमचे. फॉर्मलिनचे. वर लिहिलंय ना ठसठशीत, सुनेचं अक्षर आहे, चांगलं आहे तिचं अक्षर. झाकणं? निळी आहेत, दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत माझे. निळी झाकणं तुमच्या कंपनीची असतात. असतील. जगात निळी झाकणं काय तुमच्या एकट्याच्याच —

कधी दिलेत? मागच्या महिन्यात. डॉक्टरांनी मागवले. तपासणीसाठी. अहो, मग ही तपासणी कुणाची करत होते, द्रवाची का माझी? — नाही, तुम्ही गप्प बसा, मला विचारू द्या. आणि तुकडे? सगळेच तुकडे यात? प्रत्येकाचा अर्धा भाग डॉक्टर वर फॉर्मलिनमध्ये ठेवतात आणि दोन्ही ताडून बघतात. हं. तेवढी अक्कल आहे म्हणायची. म्हणजे तो बाकावरचा माणूस सुखरूप आहे. बरं. आणि कॅन इथं कुणाच्या ताब्यात दिलेत? कोण होतं? उंच, बारीक, केस घट्ट बांधलेले. हसून घेतले. हो. तीच. सून माझी. बाईंना सांगू नका असं डॉक्टर म्हणाले, तुम्हालाही म्हणाले होते, आणि तुम्हाला वाटलं एव्हाना मला सांगितलं असेल. वाटायचंच. तुमच्यासारख्यांना सगळं नुसतं वाटतं.

थांबा, एक विचारते. खरं सांगा, विकायला आलात तसं नका सांगू. तुम्ही आत आलात तेव्हा इथं फॉर्मलिनचा वास आला? नीट आठवा. नाही, उठा, त्या कॅनपाशी जा, झाकण काढा, वाका जरा — आला? काही नाही. त्या शेल्फवरच्या बाटल्यांना? तिथंही नाही. म्हणजे जुन्या बरण्या तिनं घासून पालथ्या घातल्या त्या त्यासाठी. मी म्हटलं पोरगी कामाला लागली. पूर्ण खोलीत कुठंच नाही वास? साबणाचा येतो. बसा. बसा खाली.

मला येत नाही. साबणाचाही नाही, कसलाच नाही. कधी गेला ते सांगता येणार नाही, हळूहळू गेला असणार, जाताना काही आवाज होत नाही त्याचा. तुम्हाला का सांगतेय मी हे, तुम्ही माझे कोण लागता? घरी एकदा दूध करपलं, मी ओट्यापाशीच उभी होते, धूर दिसेपर्यंत उभी. ती बाहेरून धावत आली, गॅस बंद केला, आणि बाकीचे आत आल्यावर म्हणते, माझ्याच हातून राहिला. मला वाटलं, वाचले. मला वाटलं, कशी वेंधळी पोर, स्वतःच्याच डोक्यावर घेतलं. तिला तेव्हाच कळलं होतं. कुणाला बोलली नाही, नवऱ्याला पण नाही, त्याला कळलं असतं तर आत्तापर्यंत मला चार डॉक्टर दाखवून झाले असते. आणि मी रोज त्या कॅनपाशी जाऊन तिच्यासमोर नाक वर करून म्हणायची, हं, आज बरोबर झालंय मिश्रण. रोज. आणि ती म्हणायची, हो बाई.

राग? येणारच. मला मूर्ख ठरवलं त्यांनी माझ्याच खोलीत. विचारायला काय झालं होतं? सरळ येऊन विचारायचं, आई, मला जगायचंय इथं, हे वापरू का. — विचारलं असतं तर काय म्हटलं असतं मी? नाही म्हटलं असतं. तुमची बाटली मोरीत ओतली असती. ती जिन्यात बसून खोकत राहिली असती, तिचे ओठ पुन्हा निळे पडले असते, मी पाठ चोळली असती, आणि नाहीच म्हटलं असतं. ती ओळखून आहे मला. आणि आज दुपारी, तुम्ही आला नसतात तर, मी तिथं उभी राहून तिला परत फॉर्मलिनमध्ये घालणार होते. दमा गेला म्हणून. शहाणपणानं.

हे बघा, पाणी नकोय मला, आणि तो रुमाल खिशात ठेवा, कुणी रडत नाहीये. नीट ऐका आता. या खोलीत काय झालं ते कुणाला सांगायचं नाही. नाकाचं तर नाहीच नाही. डॉक्टर विचारतील, बाई काय म्हणाल्या. तर सांगायचं, मी सगळं व्यवस्थित समजावलं, आणि बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. — हसू नका. मला ऐकता येतं. दुपारी मी हो म्हणणार आहे, पण त्यांनी मला फसवलं म्हणून नाही, मी स्लाइडी बघितल्या म्हणून. तसं तोंडावर सांगीन त्यांना. लाल पेशींचं मात्र छापा त्या बाईच्या दातांशेजारी, मोठ्या अक्षरांत, नाहीतर आणखी कुठं कुणा सिस्टरला रडवतील माझ्यासारख्या. आमच्या सिस्टरकडे मी जाईन, आत्ताच जाईन, तिथं तुम्ही तोंड घालू नका, तुम्हाला जमणार नाही, मलाही जमेल असं वाटत नाही.

पावलं वाजतायत, तीच येतेय. उठा. त्या फोनवाल्यांना नाही म्हणून कळवायला सांगते तिला, आजच, उद्याची वाट कशाला. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही, मान खाली घालायची आणि निघायचं. — ये गं, ये आत. हे निघालेत. — अहो, दार उघडं कशाला टाकताय? लावून घ्या. बंद खोलीतसुद्धा आता तिला काही होत नाही. निघा.